कागद कुठे सोडायचा, ते तू ठरव

पोरी, मोबाइलमधल्या फोटोंची रंगपेन्सिलीची चित्रं करून द्यायचं काम तू हाती घेतलंस, याचा मला मनापासून आनंद आहे. माझं उमेदीचं सगळं वय फोटो स्टुडिओत गेलं. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं रिटचिंग केलं, मॅट ब्रोमाइडवर हातानं रंग भरले, आणि पुढे संगणक आला तेव्हा तेच काम पडद्यावर केलं. त्यातून जे हाताला कळलं, ते तुझ्या हवाली करतोय.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पहिल्यांदा सांगतो. सॉफ्टवेअर फोटोच्या प्रत्येक भागाला सारखंच वागवतं. आजीचा डोळा आणि तिच्यामागची दाराची कडी, त्याच्या लेखी दोन्ही एकच. पेन्सिल हातात धरणारा माणूस मात्र निवड करतो. इथे दाब द्यायचा, इथे हलकं ठेवायचं, इथे कागद कोराच सोडायचा. ही निवड तू केलीस तर चित्र होतं. केली नाहीस तर फिल्टर लावलेला फोटो उरतो. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

फोटो पारखून घे

ग्राहक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो. तो फोटो म्हणून आला की आकारानं लहान आणि दाबलेला येतो. म्हणून ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं प्रत्येकाला सांग, न कंटाळता सांग. जेपेग फाइल चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येकातला तपशील कमी करते. एरवी ते चौकोन डोळ्यांना दिसत नाहीत. पण पेन्सिलीचा फिल्टर कडा शोधतो, आणि या चौकोनांच्या कडाही त्याला सापडतात. मग गालावर जाळी उमटते आणि ती कशानंच जात नाही.

उजेड एका बाजूनं आलेला असेल असा फोटो निवड. खिडकीजवळ काढलेल्या फोटोत नाकाची सावली, हनुवटीखालचा गडदपणा, गालाची गोलाई हे सगळं असतं. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत यातलं काहीच नसतं आणि सॉफ्टवेअर ते आणू शकत नाही.

बरेच लोक गेलेल्या आईवडिलांचा जुना फोटो घेऊन येतील. पासपोर्ट आकाराचा, म्हणजे ३५ × ४५ मिलिमीटरचा फोटो असेल तर १२०० डीपीआयवर स्कॅन कर. साधारण १६५० × २१२५ पिक्सेल मिळतात, तेवढ्यात चेहरा निभतो. काही जुन्या प्रिंटांच्या कागदावर मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक नक्षी असते. स्कॅनरचा दिवा ती नक्षी उठवतो आणि फिल्टर तिच्या रेघा काढतो. असा फोटो एकदा सरळ स्कॅन कर, मग काचेवर उलटा फिरवून पुन्हा कर. दुसरा स्कॅन संगणकावर सरळ करून पहिल्यावर नेमका बसव आणि वरच्याची अपारदर्शकता ५० टक्के ठेव. दोन्ही वेळच्या सावल्या विरुद्ध दिशांना पडलेल्या असतात, त्या एकमेकींना बऱ्याच अंशी पुसतात.

आधी आकार, मग रेघ

चित्र केवढं छापायचं ते पहिल्यांदा विचार आणि फाइल त्या आकाराची करूनच काम सुरू कर. ए-फोर कागदाला ३०० डीपीआयवर २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. त्या हिशेबानं १ मिलिमीटर म्हणजे जवळपास १२ पिक्सेल. नीट टोक काढलेल्या रंगपेन्सिलीची रेघ अर्धा ते एक मिलिमीटर जाडीची असते. म्हणजे तुझी रेघ ६ ते १२ पिक्सेलची हवी. लहान फाइलवर फिल्टर लावून नंतर ती मोठी केलीस, तर रेघा खडूसारख्या जाड आणि धुरकट दिसतात. फोटो लहान असेल तर आधी मोठा कर आणि मग रेघ काढ.

रेघ कुठून येते ते समजून घे

बटण दाबून मिळणाऱ्या रेघेपेक्षा स्वतः काढलेली रेघ तुझ्या जास्त ताब्यात राहते. गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर १९९६ पासून लोकांच्या वापरात आहे आणि या कामाला पुरेसं आहे. फोटोची प्रत करून ती कृष्णधवल कर. तिची आणखी एक प्रत कर, तिला गॉसियन ब्लर दे आणि त्या लेअरचा मोड ‘डिव्हाइड’ कर. पांढऱ्यावर रेखाटन उमटतं. बरेच जण पुसट प्रतीचे रंग उलटे (इन्व्हर्ट) करून ‘कलर डॉज’ वापरतात. गणित तेच आहे, फक्त एक पायरी जास्त.

यात काय घडतं? मूळ चित्राला त्याच्याच पुसट प्रतीनं भागलं जातं. जिथे रंग सपाट आहे तिथे दोन्ही आकडे सारखे, भागाकार एक, म्हणजे पांढरं. जिथे उजळ आणि गडद भाग एकमेकांना भिडतात, तिथे गडद बाजूला मूळ आकडा पुसट प्रतीपेक्षा लहान असतो आणि रेघ उमटते. हे लक्षात घेतलंस की पुढचं सोपं आहे. ब्लर थोडा, म्हणजे ८-१० पिक्सेल ठेवलास तर रेघ बारीक येते. ३०-४० पर्यंत नेलास तर रेघेबरोबर मऊ शेडिंगही येतं. मी दोन्ही करतो. बारीक रेघ डोळे, ओठ आणि दागिन्यांसाठी, मऊ शेडिंग कपड्यांसाठी, आणि मास्क वापरून दोन्ही जागच्या जागी बसवतो.

याच गणिताचा एक तोटाही आहे. सपाट काळा भागसुद्धा पांढरा होतो. काळेभोर केस, काळा कोट, अंबाड्यामागची सावली, सगळ्यातला गडदपणा निघून जातो. तो तुला परत आणावा लागतो. तो कसा, हे पुढे सांगतो.

कुंकू आणि काठ हरवू देऊ नकोस

रंगीत फोटो कृष्णधवल करताना संगणक हिरव्याला सर्वांत जास्त, लालला त्याहून कमी आणि निळ्याला सर्वांत कमी वजन देतो. प्रचलित सूत्रात ही वजनं ५८.७, २९.९ आणि ११.४ टक्के अशी आहेत. त्यामुळे लाल साडीचा हिरवा काठ डोळ्यांना ठसठशीत दिसतो, पण राखाडीत दोन्ही एकाच छटेचे होऊ शकतात आणि काठाची रेघच निघत नाही. कुंकवाचंही तसंच. सावळ्या कपाळावरचं लाल कुंकू राखाडीत कपाळात मिसळून जातं.

गिम्पमध्ये ‘मोनो मिक्सर’ आहे, फोटोशॉपमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’ आहे. तिथे लालचं वजन कमी आणि हिरव्याचं जास्त केलंस की कुंकू गडद होऊन उठून येतं. उलट, चेहऱ्यावर डाग-वण जास्त दिसत असतील तर लालचं वजन वाढव, त्वचा नितळ दिसते. म्हणून चेहऱ्यासाठी एक राखाडी प्रत आणि कुंकू, नथ, साडीसाठी दुसरी, अशा दोन प्रती ठेव. घरच्या बाईच्या कपाळावरचं कुंकू चित्रात दिसलं नाही तर बाकीचं कितीही चांगलं झालं तरी घरच्यांना ते चित्र परकं वाटतं.

माणसाचा रंग बदलू नकोस

हे मी फार कळकळीनं सांगतोय. वर सांगितल्याप्रमाणे सपाट भाग पांढरे होतात. त्यावर थोडासा रंग शिंपडला की सावळा माणूस गोरा होऊन बाहेर पडतो. बाजारातली असंख्य पेन्सिल-चित्रं अशीच फिकुटलेली असतात. आमच्या काळात स्टुडिओत लोक ‘जरा उजळ करा’ म्हणायचे आणि रिटचिंग करणारे करायचेही. तू ते करू नकोस. वडिलांचा रांगडा काळसर चेहरा ही त्यांची ओळख आहे.

रंगाचा लेअर वर ठेवून ‘कलर’ मोड दिलास तर काम होणार नाही. तो मोड खालच्या लेअरचा उजेड तसाच ठेवतो आणि पूर्ण पांढऱ्यावर रंग धरतच नाही. त्याऐवजी रंगीत फोटो रेघांवर ‘मल्टिप्लाय’मध्ये ठेव. केसांचा आणि कोटाचा हरवलेला गडदपणाही त्यानंच परत येतो. मग त्वचेचा रंग मूळ फोटोशी शेजारी ठेवून ताडून बघ.

खरी रंगपेन्सिल धरणारा माणूस सावळी त्वचा एका तपकिरीनं रंगवत नाही. खाली पिवळसर गेरू, त्यावर तांबूस तपकिरी, सावलीत थोडा जांभळा किंवा निळा, असे थर देतो. काळा तो शक्यतो टाळतो, कारण काळ्यानं त्वचा मळकट होते. तूही सावलीच्या भागात कर्व्हजनं किंचित जांभळी झाक दे. चेहरा जिवंत होतो.

चोवीस पेन्सिलींच्या पेटीत राहा

फोटोत लाखो रंगछटा असतात. पेन्सिलीच्या पेटीत मोजक्याच. फाबर-कास्टेलच्या पॉलिक्रोमॉस पेन्सिली १९०८ मध्ये निघाल्या तेव्हा ६० रंगांच्या होत्या, आज १२० आहेत. आपल्याकडे शाळेपासून ओळखीची पेटी १२ किंवा २४ रंगांची. मर्यादित रंगांमुळेच पेन्सिलीचं चित्र पेन्सिलीचं वाटतं.

म्हणून एक काम एकदाच करून ठेव. २४ रंगांची पेटी घे, चांगल्या कागदावर प्रत्येक रंगाचा एक चौकोन हलक्या दाबानं आणि एक जोरदार दाबानं रंगव आणि स्कॅन कर. गिम्पमध्ये त्या स्कॅनवरून पॅलेट बनवता येतं. फोटोची वेगळी प्रत ‘इंडेक्स्ड’ मोडमध्ये नेऊन तुझं पॅलेट लाव, डिदरिंग बंद ठेव. नंतर ती प्रत पुन्हा आरजीबीमध्ये आणून मूळ रंगांवर अर्ध्याअधिक अपारदर्शकतेनं ठेव. चेहऱ्यावर ठिगळं पडली तर तिथे तिचा जोर कमी कर. सगळ्या चित्रांमागे तुझी एकच पेटी आहे, हे मग दिसायला लागतं.

रेघेला दिशा दे

१९९० मध्ये पॉल हेबर्ली यांनी फोटोवरून रंगवण्याची एक पद्धत मांडली. माणसानं पडद्यावर कर्सर फिरवायचा आणि प्रोग्रामनं त्या जागी फोटोतला रंग उचलून एक फटकारा टाकायचा. रंग यंत्र पुरवत होतं आणि फटकारे कुठे पडावेत ते माणूस ठरवत होता. आजही ही वाटणी योग्यच आहे.

रेघा तयार करायला नव्या, सपाट राखाडी लेअरवर नॉइज घाल. तो दोन-तीन पिक्सेल ब्लर कर, म्हणजे रेघ केसासारखी बारीक राहणार नाही. मग ४०-६० पिक्सेलचा मोशन ब्लर तिरक्या दिशेनं दे आणि लेव्हल्सनं काळं-पांढरं ठळक कर. उजव्या हाताच्या माणसाची सहज रेघ डावीकडून खालून उजवीकडे वर जाते, तीच दिशा धर. ही जाळी रंगाच्या लेअरचा मास्क म्हणून लाव. आता रंगाच्या लेअरची दुसरी प्रत कर आणि तिचा मास्क थोड्या वेगळ्या कोनात ठेव. रंग दोनदा पडणार असल्यामुळे दोन्ही प्रती जराशा उजळ करून घे. जिथे दोन्ही रेघा एकमेकींवरून जातात तिथे रंग खोल होतो. हातानं थर देतानाही असंच घडतं.

सगळ्या चित्राला एकच कोन देऊ नकोस. गालावरची रेघ गोलाईनं वळते, साडीची रेघ निरीबरोबर खाली पडते, केसांची रेघ भांगापासून निघते. चेहरा, केस, कपडे आणि पार्श्वभूमी यांचे चार वेगळे मास्क कर आणि प्रत्येकाची दिशा वेगळी ठेव. वेळ लागतो, पण घाईनं केलेलं चित्र इथेच ओळखू येतं.

कागदाचा पोत रंगातच दिसू दे

पेन्सिलीचा रंग कागदाच्या उंचवट्यांवर बसतो आणि खळग्यांत पांढरं राहतं. निगेटिव्हवर रिटचिंग करतानाही आम्ही आधी एक द्रव चोळायचो, कारण गुळगुळीत फिल्मवर पेन्सिल धरत नसे. कागदाला धर असल्याशिवाय पेन्सिल चालत नाही, हे तेव्हापासून मनात बसलंय.

इंटरनेटवरून पोत उतरवून घेण्यापेक्षा खरा कागद स्कॅन कर. पुण्यात शिवाजीनगरला १९४० मध्ये सुरू झालेली हातकागद संस्था आहे. तिथले कागद हातात घेऊन, बोटं फिरवून बघ. जो आवडेल तो ३०० डीपीआयवर राखाडीत स्कॅन कर आणि कॉन्ट्रास्ट वाढव. हा पोत सगळ्या चित्रावर पसरून टाकू नकोस. तसं केलं तर कोरा कागदही मळका दिसतो आणि चेहऱ्यावर वाळू पडल्यासारखं वाटतं. तो रंगाच्या मास्कमध्ये मिसळ, म्हणजे खळग्यांत रंगच जाणार नाही आणि कोरी जागा स्वच्छ राहील. डोळ्याची बाहुली, भुवया, केसांतला सर्वांत गडद भाग इथे पेन्सिल दाबून चालते आणि खळगे भरून निघतात. तिथे मास्क पांढऱ्या ब्रशनं भरून टाक.

काय सोडायचं ते आधी ठरव

आता मूळ मुद्द्यावर येते गाडी. काम सुरू करण्यापूर्वी फोटोकडे दोन मिनिटं नुसतं बघ आणि तीन जागा निवड, जिथे सर्वांत जास्त तपशील राहील. व्यक्तिचित्रात त्या बहुधा दोन डोळे आणि ओठांची ठेवण असतात. कधी हातातल्या बांगड्या असतात, कधी चष्मा. बाकी सगळं त्यांच्यापासून जसजसं लांब जाईल तसतसं हलकं होऊ दे. कान अर्धवट, खांदा चार रेघांत, पार्श्वभूमी जवळजवळ नाहीच.

ही सोडणूक मास्कवर हातानं कर आणि त्यासाठी ब्रश पेन्सिलीचाच घे. मऊ गोल ब्रशनं कडा विरवल्यास तर लग्नाच्या अल्बममधल्या धुक्यासारख्या दिसतात. पेन्सिल-ब्रशनं विरवल्यास रेघा कागदावर विरळ होत संपतात. क्रिटा हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात पेन्सिलीचे चांगले ब्रश तयार मिळतात. दाब ओळखणारा पेन टॅब्लेट असेल तर शेवटच्या शंभरेक रेघा स्वतः ओढ. पापण्या, डोळ्यातला उजेडाचा ठिपका, नथीचे मोती, कपाळावर आलेली बट. या थोड्या रेघा बाकीच्या हजारांना आपल्याबरोबर घेऊन जातात.

तयार फिल्टर आणि एआय

फोटोशॉपच्या फिल्टर गॅलरीत ‘कलर्ड पेन्सिल’ आहे. त्यात पेन्सिलीची जाडी, दाब आणि कागदाचा उजळपणा असे तीनच स्लायडर आहेत. सपाट भागांतून फोटोशॉपमध्ये निवडलेला ‘बॅकग्राउंड’ रंग दिसतो, म्हणून फिल्टर लावण्याआधी तो रंग कागदासारखा, दुधी किंवा फिकट बदामी ठेव. फाइल ८ बिट आरजीबीमध्ये हवी. हा फिल्टर पार्श्वभूमीतल्या भिंतीला, झाडाला ठीक आहे. चेहरा त्याच्यावर सोपवू नकोस.

२०१५ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठातल्या गॅटिस, एकर आणि बेथगे यांनी एका चित्राची शैली दुसऱ्या चित्राला द्यायची पद्धत मांडली. पुढच्याच वर्षी प्रिझ्मासारखी ॲप आली. आता तर एका वाक्यात सांगितलं की एआय पेन्सिलीचं चित्र काढून देतो. त्याच्या रेघा सुंदर असतात, पण तो चेहरा नव्यानं रचतो. नाक थोडं सरळ होतं, डोळे थोडे मोठे होतात, सुरकुत्या जातात. परक्याला ते कळत नाही, मुलीला लगेच कळतं. वापरायचाच असेल तर मूळ फोटो त्याच्यावर अर्धपारदर्शक ठेवून डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या आणि ओठांची टोकं जुळतात का ते तपास. जुळत नसतील तर ते चित्र बाजूला ठेव.

छपाई

चकचकीत फोटो पेपरवर पेन्सिलीचं चित्र छापू नकोस. चमक आली की कागदाचा पोत मरतो. आम्ही हातानं रंगवायचो ते प्रिंटही मॅट असायचे. जाड मॅट किंवा कापसाच्या कागदावर, पिगमेंट शाईच्या प्रिंटरवर छाप. कागदाला स्वतःचा पोत असेल तर फाइलमधला पोत कमी कर, नाहीतर दोन पोत एकमेकांशी भांडतात. पूर्ण चित्रापूर्वी फक्त डोळे आणि केस येतील एवढा तुकडा खऱ्या आकारात छापून बघ. पडद्यावर उठावदार वाटणारे जांभळे आणि हिरवे रंग कागदावर मावळतात, ते तिथेच कळतं.

लेअर असलेली फाइल जपून ठेव. गिम्पची एक्ससीएफ, फोटोशॉपची पीएसडी. जेपेग पुन्हा पुन्हा उघडून साठवू नकोस, दरवेळी थोडं झिजतं. सहा महिन्यांनी ग्राहक दुसऱ्या भावासाठी प्रत मागायला येतो, तेव्हा हीच फाइल लागते.

व्यवहार

फोटो दुसऱ्या छायाचित्रकारानं काढलेला असेल तर त्याची परवानगी घ्यायला ग्राहकाला सांग. कोणाचंही चित्र नमुना म्हणून लावण्याआधी घरच्यांना विचार.

आणि चित्राच्या मागे स्वच्छ अक्षरांत लिही: ‘फोटोवरून संगणकावर केलेलं रंगपेन्सिल-शैलीचं चित्र’, खाली तुझं नाव आणि तारीख. हातानं काढलेलं म्हणून कधीही विकू नकोस. हातानं काढणारा कलाकार महिनाभर एका चेहऱ्याशी बसतो, त्याची किंमत वेगळी. तुझी किंमत कमी पडेल असं समजू नकोस. कोणता फोटो घ्यायचा, माणसाचा रंग कसा राखायचा, रेघ कुठे दाबायची आणि कुठे थांबवायची, हे तू ठरवलेलं असतं. त्याचे पैसे माग आणि मान वर करून माग.